खोपडी कुठं घालायची? वऱ्हाडातल्या पाणकाठच्या निवाऱ्याचा इतिहास

अकोल्याहून अकोटला जाताना गांधीग्रामजवळ पूर्णा नदी लागते. मार्च-एप्रिलमध्ये त्या वाटेनं गेलात तर जरा थांबून खाली पात्राकडे पाहा. बहुतेक पात्र कोरडं असतं, मध्ये कुठंतरी एखादा डोह तग धरून असतो. अशा डोहाच्या काठी तुराट्यांची आणि ताडपत्रीची एखादी खोपडी दिसली, तर समजा की माझ्या पीएचडीचा विषय तुम्ही पाहिलात.

हे सांगितलं की लोक पहिल्यांदा हसतात. खोपडीचा कसला इतिहास? किल्ल्यांचा असतो, देवळांचा असतो, फार तर वाड्यांचा. दुसरा प्रश्न असा येतो, की मासेमारीच्या निवाऱ्यांवरच काम करायचं तर कोकणात का नाही गेलात? वऱ्हाडात समुद्र कुठं आहे?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्यापासून सुरुवात करू, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

तळी नाहीत, डोह आहेत

विदर्भातली मासेमारी म्हटलं की अभ्यासक भंडारा-गोंदियाकडे वळतात. तिथं मालगुजारी तलाव आहेत, ढिवर समाजाची मोठी वस्ती आहे आणि तलावांची कागदपत्रंही आहेत. वऱ्हाडाचं तसं नाही. इथली जमीन काळी, खाली बेसाल्टचा खडक, आणि पूर्णेच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा. जुन्या तलावांची ती दाट साखळी इथं नाही. त्यामुळे इथला मासा मुख्यतः नदीतला, आणि उन्हाळ्यात नदी म्हणजे डोह.

मेळघाटाकडून चंद्रभागा, शहानूर, वान या नद्या येतात. दक्षिणेकडून पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा येतात. सगळ्या पूर्णेला मिळतात. पूर्वेला वर्धा नदी आहे, अमरावती आणि वर्धा या दोन जिल्ह्यांची सीमाच ती. पावसाळा सरला की या नद्यांची धार हळूहळू बारीक होते आणि मासे डोहांत गोळा होतात. मरळ, वाम, झिंगे, जे काही असेल ते तिथं. भोई, ढिवर, कहार या समाजांतली माणसं मग डोहाकाठी मुक्कामाला येत. त्याच रेतीत डांगरवाड्याही लागत. ओलाव्यापर्यंत खड्डा खणायचा, शेणखत घालायचं, टरबूज-डांगराच्या बिया लावायच्या. रात्री जाळं आणि वाडी, दोन्हींची जागल एकाच खोपडीतून व्हायची.

आता खोपडी कशाला, घरी जाऊन झोपायला काय होतं? कामच तसं आहे. जाळं संध्याकाळी लावतात आणि पहाटे उचलतात. मध्ये जाळं कुणी नेऊ नये, वाहत आलेल्या ओंडक्यात अडकून फाटू नये, यासाठी कुणीतरी जवळ हवं. उजाडल्याबरोबर मासे बाजाराला निघाले नाहीत तर वऱ्हाडच्या उन्हात दुपारपर्यंत ते खराब होतात. म्हणजे खोपडी हे कामाचं एक अवजारच, जाळ्यासारखं.

जागा निवडायची कशी

अवजार म्हटलं की ते वापरण्यामागे ज्ञान आलं. खोपडीचं सगळ्यात मोठं ज्ञान ती बांधण्यात नसून जागा निवडण्यात असतं. चार गोष्टी पाहाव्या लागतात. तुम्ही स्वतः कधी तंबू घेऊन धरणावर गळ टाकायला गेलात, तरी याच चार गोष्टी उपयोगी पडतील.

पहिली, वळण. नदी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूचा काठ खरवडला जातो आणि आतल्या बाजूला रेती साचते. बाहेरच्या बाजूला उंच दरड आणि खोल पाणी असतं, आतल्या बाजूला सपाट रेती. खोपडी आतल्या बाजूला घालायची, म्हणजे समोर खोल डोह दिसतो आणि पायाखालची जमीन ढासळत नाही. पूर्णेच्या दरडी गाळाच्या आहेत, भेगाळलेल्या. त्यांच्या पायथ्याशी सावली छान मिळते, पण तिथं झोपणं धोक्याचं.

दुसरी, पाण्याची जुनी खूण. काठावरच्या बाभळी-झुडपांच्या फांद्यांना वाळलं गवत, काड्याकुड्या अडकलेल्या दिसतात. मागच्या पुराचं पाणी तिथवर आलं होतं, असा त्याचा अर्थ. पावसाळी महिन्यांत त्या रेषेच्या वरच राहायचं. उन्हाळ्यात खाली पात्रात उतरता येतं, पण वर चढायची पायवाट जवळ हवी. कारण पूर्णेच्या उत्तरेकडच्या उपनद्या सातपुड्यातून येतात. तिकडे वळिवाचा पाऊस झाला, तर इकडे आभाळ कोरडं असतानाही रात्रीतून पाणी वाढू शकतं.

तिसरी, वारा. वऱ्हाडात उन्हाळी दुपारचा तापलेला वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा त्या वाऱ्याकडे तोंड करून बसता येत नाही. पूर्णा इथं पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. म्हणून दक्षिण काठावरची खोपडी असेल तर तिचं तोंड उत्तरेला, म्हणजे पाण्याकडे, आणि पश्चिमेची बाजू पूर्ण बंद. जाळ्यावर नजर राहते आणि वाऱ्यालाही पाठ मिळते. उंची कमी ठेवायची, म्हणजे वावटळीत छप्पर उडत नाही.

चौथी, ओल. फार खाली गेलात तर रात्रभर अंथरूण ओलं होतं, डास आणि किडेही तिथंच जास्त. फार वर गेलात तर मेढी रोवायला घट्ट रेती मिळत नाही. हातभर खणल्यावर ओल लागेल, पण वरचा थर कोरडा असेल, अशी जागा बरी.

उभी करायची कशी

साहित्य गावातलंच. तूर काढली की तुराट्या उरतात, कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या. दोन्हींचा कूड होतो. मेढी आणि आडं बाभळीचं किंवा बांबूचं, वर गवत किंवा पळसाच्या पानांचा थर, बांधायला अंबाडीच्या वाकाची दोरी. आता गवताच्या जागी ताडपत्री आणि अंबाडीच्या जागी नायलॉन आलंय. जाळ्यांचंही तसंच झालंय. आत एक बाज, चूल आणि टांगलेला कंदील, आता टॉर्च. एवढ्यात संसार.

एक गोष्ट मात्र साहित्यावर अवलंबून नाही. रेतीत खुंटी धरत नाही. ठोकली की बसते आणि दोर ताणला की सरळ वर येते. म्हणून दोर खुंटीला न बांधता एखाद्या ओंडक्याला किंवा रेती भरलेल्या पोत्याला मधोमध बांधायचा, तो ओंडका आडवा पुरायचा, वर रेती लोटायची आणि पाणी शिंपडून ती दाबायची. वरच्या रेतीचं ओझंच मग दोर धरून ठेवतं. जगभरच्या किनाऱ्यांवर गळ टाकणारे हौशी लोक आज आपले हलके तंबू असेच, रेतीच्या पिशव्या पुरून, बांधतात.

कोकणात आणि गोव्यात याच अडचणीला वेगळं उत्तर मिळालं. तिथं रापण ओढायची तर होडी, मोठं जाळं आणि ओढणारी पुष्कळ माणसं लागतात. होडी आणि जाळं ठेवायला भरतीच्या रेषेच्या वर माडाच्या झावळ्यांचे निवारे उभे राहिले. होडी दरवर्षी त्याच किनाऱ्यावर येणार, म्हणून निवाराही दरवर्षी जवळपास त्याच जागी. वऱ्हाडात तसं होत नाही, कारण इथं काठच बदलतो. यंदाचा डोह पुढच्या वर्षी रेतीनं भरलेला असू शकतो. म्हणून इथली खोपडी अशी हवी, की मृग लागायच्या आत मोडून, डोक्यावर घेऊन, वर गावात नेता आली पाहिजे. मोडता येणं हाच तिचा मोठा गुण.

आणि इतिहासकाराची पंचाईत इथूनच सुरू होते.

कागदात शोधायला गेलं की

तात्पुरत्या घरांचा इतिहास लिहायची एक पद्धत पुरातत्त्वानं दिली आहे. लाकडाची मेढ कुजून जाते, पण तिच्या खड्ड्यातली माती वेगळ्या रंगाची राहते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात घोड नदीकाठी इनामगावला उत्खनन केलं, तिथल्या गोल झोपड्या अशाच खड्ड्यांवरून ओळखता आल्या. आपल्या अमरावती जिल्ह्यातही तुळजापूर गढीला १९८४-८५ मध्ये उत्खनन झालं आणि ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आली. पण या वसाहती काठावरच्या पांढरीवर होत्या. पात्रातल्या खोपडीचा खड्डा पहिल्याच पुरात पुसला जातो. तिथं खणून काहीच सापडणार नाही.

मग उरतात कागद. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला आणि १८६० च्या दशकात इथं मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला. नदीचं पात्र मात्र नकाशावर नुसता एक पट्टा. पट्ट्याला शेतासारखा नंबर नाही, नंबर नाही म्हणून खातेदार नाही. स्वातंत्र्यानंतर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही कलम २० नुसार नद्या-नाल्यांची पात्रं सरकारच्या मालकीची. त्यात गैर काही नाही, नदी कुणा एकाच्या मालकीची नसावीच. पण जो माणूस वर्षातले पाच महिने त्या पट्ट्यावर राहतो, तो या नकाशात कुठंच राहत नाही.

जनगणना पाहावी म्हटलं, तर तिथं एक मजेशीर योग आहे. त्या काळात शिरगणती एका ठरलेल्या रात्री पुरी व्हायची. १९०१ मध्ये १ मार्च, १९११ मध्ये १० मार्च, १९२१ मध्ये १८ मार्च. म्हणजे नेमका डोहांचा आणि डांगरवाड्यांचा हंगाम! त्या रात्री जो जिथं असेल, तिथं त्याला मोजायचं. तेव्हा पात्रात झोपलेली माणसं मोजली गेली असणार. पण छापील तक्त्यांत माणूस येतो तो जिल्हा, जात आणि धंदा या रकान्यांतून. तो कुठल्या छपराखाली मोजला गेला, हे तक्ता सांगत नाही.

रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ चा. त्यात ढीमर, कहार, भोई यांच्याबद्दल बरंच आहे. मासेमारी, पालखी वाहणं, पाणी भरणं, शिंगाड्याची लागवड असे धंदे, पोटभेद, लग्नविधी, कुणाच्या हातचं पाणी कुणाला चालतं, सगळं आहे. हे सगळं जातीचं वर्णन झालं. डोह कसा ओळखायचा, खोपडी कुठं घालायची, हे ज्ञान म्हणून नोंदवण्याजोगं कुणाला वाटलं नसावं.

आता याच्या शेजारी ऋणमोचनचा घाट ठेवून पाहा. पूर्णेकाठी पौष महिन्यातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. यात्रेकरूंचे हाल पाहून गाडगेबाबांनी घाट बांधून घेतला. तो दगडाचा, म्हणून तो दिसतो, त्याच्याबद्दल लिहिलं जातं, आणि लिहिलं जावंच. पण त्याच नदीच्या काठी दरवर्षी घातली आणि मोडली गेलेली शेकडो छपरं त्या इतिहासात येत नाहीत.

धरण आलं, आणि प्रश्न पैशाचा झाला

इथवर वाचून वाटेल, ठीक आहे, नोंद राहिली नाही, हळहळ वाटते, पण बिघडलं काय? बिघडलं ते धरणं आल्यावर.

मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण झालं. ते १९९३ च्या सुमारास पूर्ण झालं. त्याला १३ दारं आहेत आणि पूर्ण संचय पातळी आहे ३४२.५० मीटर. अमरावती शहर त्याचं पाणी पितं. अशा प्रकल्पासाठी जमीन घेतली जायची ती १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं. त्या कायद्यातली जमिनीची व्याख्या पाहा. जमीन, जमिनीपासून मिळणारे लाभ, आणि जमिनीला जोडलेल्या किंवा जोडलेल्या वस्तूला कायमच्या बांधलेल्या गोष्टी. विहीर जोडलेली, झाड जोडलेलं, घर जोडलेलं. त्यांचं मोल ठरवता येतं.

खोपडी? ती जोडलेली राहू नये म्हणून तर तशी बांधलेली. शिवाय सरकारच्याच पात्रात. जो गुण तिला पुरातून वाचवतो, तोच तिला कायद्याच्या व्याख्येबाहेर ठेवतो. माझ्या सगळ्या संशोधनाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर हेच.

ज्यांच्याकडे सातबारा होता, त्यांचाही लढा सोपा नव्हता, हेही इथं सांगितलं पाहिजे. अप्पर वर्धाच्या प्रकल्पग्रस्तांनी ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईला मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या घेऊन आंदोलन केलं. धरण पूर्ण होऊन तीस वर्षं झाल्यावर! कागद असलेल्यांची ही गत, तर ज्यांच्याकडे दाखवायला फक्त एका डोहाची आठवण होती, त्यांनी कुठल्या टेबलावर जायचं?

धरणानं मासेमारी संपवली नाही, उलट मोठं पाणी दिलं. त्यात कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलं जातं आणि मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था ठेक्यानं मासेमारी करतात. खोपडीही आहे, पण तिचा काठ आता वेगळ्याच तऱ्हेनं हलतो. हिशेब करून पाहा. काठाचा उतार शंभराला एक असेल, तर पाणी एक मीटर उतरलं की काठ शंभर मीटर मागे जातो. दिवाळीला काठावर घातलेली खोपडी होळीपर्यंत पाण्यापासून लांब राहते. मग ती उचलून पुढं न्यायची, पुन्हा पुढं. नदीत हे काम वर्षातून एकदा होतं, धरणावर एका हंगामात अनेकदा.

आणि या उघड्या पडलेल्या जमिनीचं काय होतं? तिला गाळपेर म्हणतात, आणि ती हंगामापुरती पेरणीसाठी भाड्यानं देता येते. म्हणजे वर्षातले काही महिनेच दिसणाऱ्या जमिनीचा कागद सरकार करू शकतं. नदीतल्या रेतीचंही तेच. ज्या पात्राला शेताचा नंबर नव्हता, त्यातच रेतीघाट आखले जातात, त्यांचा लिलाव होतो, कागद होतात. तेव्हा तात्पुरत्या गोष्टीची नोंद करताच येत नाही, हे काही खरं नाही. कशाची करायची, ते ठरवलं जातं.

मग इतिहास कशासाठी

२०१३ मध्ये नवा भूसंपादन कायदा आला. त्यात 'बाधित कुटुंब' कुणाला म्हणायचं याची व्याख्या रुंदावली. संपादनाच्या आधीची तीन वर्षं ज्यांची उपजीविका मुख्यतः जंगलावर किंवा पाणवठ्यांवर अवलंबून आहे, अशी कुटुंबंही त्यात आली, आणि मच्छीमार, नावाडी हे शब्द तिथं स्पष्ट लिहिलेत. १८९४ पासून ११९ वर्षं लागली, पण लिहिलं गेलं.

आता अडचण पुराव्याची. तीन वर्षं तुम्ही या पाण्यावर जगत होतात, हे दाखवायचं कशानं? छप्पर तर प्रत्येक मृगाला मोडलंय. संस्थेचे सभासद असाल तर संस्थेचं दप्तर कामी येतं: सभासदांची यादी, बीज सोडल्याच्या नोंदी, मासळीचं वजन. या समाजाचं स्वतःचं म्हणता येईल असं कागदी दप्तर बऱ्याच ठिकाणी हेच पहिलं. ते संस्थेच्या कपाटात वाळवीच्या भरवशावर पडलेलं असतं. नदीवर स्वतंत्रपणे मासे धरणाऱ्यांकडे तेही नाही.

म्हणून मी ज्या गोष्टींना आधी गप्पा समजत असत, त्यांना पुरावा म्हणून वाचायला हवं असं म्हणते. डोहांची नावं घ्या. नकाशावर नसलेला डोह गावातल्या चार वेगवेगळ्या घरांतली माणसं एकाच नावानं ओळखत असतील, तर तिथं पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी येऊन राहत होतं, हे मानायला आधार मिळतो. कुणाची खोपडी कुठल्या वळणावर, कुणाच्या जाळ्याची हद्द कुठवर, हे ठरलेलं होतं आणि त्यावरून भांडणंही होत. भांडण झालं तर ते कधीतरी पोलीस पाटलाकडे किंवा कोर्टात जातं. एका भांडणाचा कागद शंभर वर्णनांपेक्षा जास्त सांगतो.

यातलं थोडं काम तुम्हालाही करता येईल. तुमचं गाव पूर्णा, वर्धा, वान, मोर्णा, पेढी यांच्या काठी असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तीन प्रश्न विचारा. आपल्या गावच्या डोहाचं नाव काय होतं? उन्हाळ्यात तिथं कोण राहायला यायचं? आणि कोणत्या सालापर्यंत? उत्तर तारखेसकट लिहून ठेवा. साल आठवत नसेल तर १९७२ चा दुष्काळ, गावात वीज आली ते वर्ष, घरातलं एखादं लग्न, असं काही धरून विचारा, बरोबर आठवतं. घरी जुना फोटो असेल आणि त्यात मागे नदी दिसत असेल, तर माणसांच्या चेहऱ्यांमागेही पाहा.

पुढच्या लेखात डांगरवाड्यांबद्दल लिहीन. रेतीत खत घालून टरबूज पिकवणाऱ्यांचा आणि रेतीच उचलून नेणाऱ्यांचा संबंध कसा बदलत गेला, ते पाहू.